दुकान बंद आहे, दुकानदार बंद पडता कामा नये : लॉकडाऊनमध्ये स्वतःला सांभाळण्याचे ८ नियम



२५ मार्च २०२० ला, म्हणजे ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, देशभर लॉकडाऊन लागला. तेव्हा आपण सगळ्यांनी २१ दिवसांचा हिशोब केला होता. मग १४ एप्रिलचे ३ मे झाले आणि नंतर ३ मेचे १७ मे. पाडवा गेला, अक्षय्यतृतीया गेली, लग्नसराई गेली, आंब्याचा सीझन अर्धा गेला. शटरला कुलूप लागून चाळीस दिवस उलटले.

या चाळीस दिवसांत मला तुमचे जे फोन आणि मेसेज आले, त्यातले बहुतेक "सर, आता कोणता धंदा करू?" असे सुरू होतात. पण दहा मिनिटं बोललं की खरी गोष्ट बाहेर येते. "सर, झोप लागत नाही." "सर, घरात चिडचिड होते." "सर, कशातच लक्ष लागत नाही." म्हणून आजचा धडा मार्केटिंगचा नाही, पॅकेजिंगचा नाही. आजचा धडा तुमच्यावर आहे.

## आधी माझी गोष्ट सांगतो

मी तुम्हाला शिकवतो म्हणून मला काही झालं नाही, असं समजू नका. मार्च-एप्रिलमधले माझे तीन वर्कशॉप रद्द झाले. फी परत करायची होती. हॉलचा ॲडव्हान्स अडकला तो अडकलाच. पहिले दहा-बारा दिवस मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइल घेऊन बसायचो. आधी रुग्णांचे आकडे बघायचो, मग बँकेचा बॅलन्स, मग परत आकडे. जणू काही मी बघितल्याने दोन्ही बदलणार होते.

एके सकाळी माझ्या मुलीच्या हातून दुधाचं पातेलं सांडलं. मी असा ओरडलो की ती पोर भिंतीला टेकून उभी राहिली. बायकोने काही न बोलता फरशी पुसली. संध्याकाळी शांतपणे म्हणाली, "अहो, दूध तीस रुपयांचं होतं. तुम्ही नक्की कशावर ओरडलात, ते एकदा शोधा."

त्या एका वाक्याने मी जागेवर आलो. मी दुधावर ओरडलो नव्हतो, मी हॉलच्या ॲडव्हान्सवर ओरडलो होतो. आणि ऐकून कोणी घेतलं? दहा वर्षांच्या पोरीने.

त्यानंतर मी स्वतःसाठी काही नियम केले. त्यातले जे टिकले तेच आज तुम्हाला देतोय.

## पण याचा धंद्याशी काय संबंध?

आता तुम्ही म्हणाल, सर, आम्ही बिझनेस शिकायला येतो, हे झोप-बीप काय?

बघा, मोठ्या कंपनीत मालक आजारी पडला तर मॅनेजर आहे, अकाउंटंट आहे, एचआर आहे. आपल्या धंद्यात हे सगळं कोण आहे? तुम्हीच. खरेदी तुम्ही, विक्री तुम्ही, वसुली तुम्ही. पिठाच्या गिरणीत एकच मोटर असेल तर गिरणीवाला तिला किती जपतो! तुमच्या धंद्यातली ती एकुलती एक मोटर तुम्ही आहात.

आणि तापलेलं डोकं चुकीचे निर्णय घेतं. गेल्या महिन्यात माझ्या माहितीतल्या लोकांनी घेतलेले तीन निर्णय सांगतो. एकाने महिना पाच टक्के व्याजाने खासगी सावकाराकडून पैसे उचलले. पाच टक्के महिना म्हणजे वर्षाला साठ टक्के! दुसऱ्याने चांगला टिकणारा माल घाबरून निम्म्या किमतीत काढून टाकला. तिसऱ्याला फोन आला, "तुमचा हप्ता पुढे ढकलतो, ओटीपी सांगा." त्याने सांगितला आणि खातं रिकामं झालं. तिघंही हुशार आहेत. फक्त तिघंही त्या आठवड्यात नीट झोपलेले नव्हते.

म्हणून म्हणतो, आत्ता मनाची आणि शरीराची काळजी घेणं ही चैन नाही, तो भांडवलाचा विमा आहे.

## नियम १ : चिंता डोक्यातून कागदावर उतरवा

डोक्यातली चिंता गोल गोल फिरते. कागदावरची चिंता एका जागी बसते. एक साधी वही घ्या, पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे लिहा "माझ्या हातात नाही" आणि उजवीकडे "माझ्या हातात आहे".

लॉकडाऊन कधी उठेल, लस कधी येईल, आपला जिल्हा रेड झोनमध्ये राहील की ऑरेंजमध्ये जाईल, हे डावीकडे. घरखर्च किती करायचा, कोणाला फोन करायचा, उधारी कशी मागायची, आज किती वाजता झोपायचं, हे उजवीकडे. रोज सकाळी उजव्या बाजूची फक्त एक गोष्ट निवडा आणि करा. डावी बाजू वाचा, पण तिच्यावर वेळ घालवू नका.

दुसऱ्या पानावर पैशांचा हिशोब मांडा. पैशांची भीती बहुतेक वेळा आकडा माहीत नसल्याची असते. एक उदाहरण घेऊ.

महिन्याचा अत्यावश्यक खर्च:
- किराणा, भाजी, दूध : ७,००० रुपये
- वीज आणि गॅस : १,५०० रुपये
- औषधं : १,५०० रुपये
- मोबाइल : ५०० रुपये
- घरभाडं : ५,५०० रुपये
- एकूण : १६,००० रुपये

हातात काय आहे:
- बँकेत : ३८,००० रुपये
- घरात रोख : ६,००० रुपये
- नक्की येईल अशी उधारी : ४,००० रुपये
- एकूण : ४८,००० रुपये

४८ हजार भागिले १६ हजार, म्हणजे तीन महिने. आता या माणसाला ८,००० रुपयांचा हप्ता असेल, तर खर्च २४ हजार होतो आणि मुदत दोन महिन्यांवर येते. "माझं सगळं संपलं" आणि "माझ्याकडे दोन महिने आहेत" या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या वाक्यावर काम करता येतं.

आकडा वाईट निघाला तरी घाबरू नका. वीस दिवसच निघाले, तर कोणाशी आधी बोलायचं हे आज कळलं, विसाव्या दिवशी नाही. घरमालकाशी, भावाशी, पतपेढीशी आजच बोला. रेशनकार्ड असेल तर हक्काचं धान्य घ्यायला लाजू नका.

## नियम २ : हप्त्याचा निर्णय रात्री घ्यायचा नाही

रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० ला बँका आणि वित्तसंस्थांना परवानगी दिली होती की १ मार्च ते ३१ मे २०२० या काळातले मुदत कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलता येतील. ती सवलत घेतली तर थकबाकी म्हणून नोंद होणार नव्हती. पण खूप जणांनी याचा अर्थ "हप्ते माफ" असा घेतला. तसं नव्हतं! हप्ता थांबत होता, व्याज थांबत नव्हतं.

समजा तुमचं ३ लाख रुपये कर्ज बाकी आहे, व्याज वर्षाला १२ टक्के. महिन्याला एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये. तीन महिन्यांत व्याजावरचं व्याज धरून सुमारे ९,१०० रुपये मुद्दलात मिसळतात. मग ठरवा. हप्ता भरूनही घर चालत असेल, तर भरा. हप्ता भरल्याने किराणा आणि औषधं अडणार असतील, तर बँकेशी सवलतीबद्दल बोला आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. सवलत अशा वेळेसाठीच असते. प्रत्येक बँकेची पद्धत वेगळी आहे, म्हणून आपल्या शाखेला किंवा पासबुकावरच्या नंबरला स्वतः फोन करा. तुम्हाला आलेल्या फोनवर ओटीपी, पिन काहीही सांगायचं नाही. हप्ता पुढे ढकलायला फोनवर कोणाला ओटीपी सांगावा लागत नाही.

आणि यातलं काहीही रात्री नऊनंतर करायचं नाही. पैशांचा विषय सकाळी, वहीवर, चहा घेतल्यावर. रात्री फक्त आकडे मोठे दिसतात, उत्तरं दिसत नाहीत.

## नियम ३ : शटरची वेळ पाळा

तुमचं दुकान नऊला उघडायचं ना? मग आजही नऊला "उघडा". आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून, नाश्ता करून नऊ वाजता त्या वहीसमोर बसा. काम एक तासाचं असलं तरी चालेल. पण लुंगीवर, अंथरुणात, मोबाइल हातात घेऊन दिवस सुरू करायचा नाही.

याचं कारण सरळ आहे. आपल्या शरीरात एक घड्याळ असतं आणि त्याची चावी असते सकाळचा उजेड. उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं गच्चीवर, गॅलरीत, नाहीतर खिडकीत उभे राहा. त्याने शरीराला कळतं की दिवस सुरू झाला, आणि रात्री झोपही वेळेवर येते. उलट रात्री बारापर्यंत डोळ्यासमोर मोबाइलचा उजेड असेल, तर झोप लांबते. मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. एकच खोली असेल तर स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवा, उशीखाली नको.

दुपारची झोप? जेवल्यावर वीस-तीस मिनिटं ठीक. दोन-दोन तास झोपाल तर रात्री छताकडे बघत बसाल.

आणि संध्याकाळी सात वाजता शटर "बंद" करा. वही मिटा, देवापाशी दिवा लावत असाल तर लावा, पोरांबरोबर बसा. बंद दुकानाची काळजी चोवीस तास करून दुकान एक मिनिटही लवकर उघडणार नाही.

## नियम ४ : बातम्या दिवसातून दोनदाच

जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलंय की कोरोनाच्या बातम्या दिवसातून एक-दोनदा, ठरलेल्या वेळी बघा, आणि खात्रीच्या ठिकाणाहूनच. मी सकाळी आठ आणि संध्याकाळी सात ठेवल्यात, पंधरा-पंधरा मिनिटं. मधल्या वेळात चॅनल बंद.

व्हॉट्सॲपचं काय? ज्या ग्रुपवर "हे खा, कोरोना पळून जाईल" चालू असतं, तो ग्रुप म्यूट करा. सोडायला जमत नसेल तर म्यूट तरी नक्की करा. आणि तुम्ही स्वतः फॉरवर्ड करणारे असाल, तर एक व्यापारी नियम लावा. जो माल तपासला नाही, तो पुढे विकायचा नाही.

## नियम ५ : शरीर गंजू देऊ नका

दुकानात आपण दिवसभर उभे असतो, माल उचलतो, मार्केटला जातो. ते सगळं एका रात्रीत बंद झालं, आणि खाणं मात्र वाढलं. पाठ धरली, गुडघे धरले, ॲसिडिटी वाढली असे किती फोन येतात! मोठ्या माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं आरोग्य संघटना सांगते. म्हणजे रोज जेमतेम पंचवीस मिनिटं.

पंचवीस मिनिटांत काय काय होतं बघा. जमतील तेवढे सूर्यनमस्कार. जिन्याच्या चढउतारी, जिना रिकामा असेल तेव्हा. घरातल्या घरात फेऱ्या. पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या घेऊन हात वर-खाली. पैसे शून्य.

बेचैनी वाढली, छातीत धडधडलं, तर एक साधा उपाय. सरळ बसा. चार आकडे मोजत श्वास आत घ्या, सहा आकडे मोजत सावकाश बाहेर सोडा. आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लागला पाहिजे. असं दहा वेळा करा. मी वसुलीचा फोन करण्याआधी हे करतो, आवाज आपोआप खाली येतो.

एक महत्त्वाचं. बीपी, शुगर, थायरॉईडच्या गोळ्या "आता घरीच आहे, खर्च वाचवू" म्हणून बंद करू नका. मेडिकल दुकानं उघडी आहेत. आणि छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं असं काही झालं, तर कोरोनाच्या भीतीने दवाखाना टाळू नका. ती वेळ थांबायची नसते.

तंबाखू, गुटखा, दारू याबद्दल भाषण देत नाही. एवढंच विचारतो, टेन्शनमुळे प्रमाण वाढलंय का? वाढलं असेल तर आज वहीत लिहा. टेन्शन तसंच राहतं, फक्त खर्च आणि भांडण वाढतं.

## नियम ६ : घर म्हणजे हॉटेल नाही

हा नियम खास माझ्या भावांसाठी आहे, आणि बहिणींनी तो त्यांना वाचायला द्यावा.

नाशिककडच्या एक ताई आहेत. उन्हाळ्यात पापड, कुरडया, सांडगे असं वाळवण करून विकतात. एप्रिल-मे हाच त्यांचा सीझन. ऊन आहे, गच्ची आहे, ओळखीची गिऱ्हाइकं आहेत. तरी त्यांचं काम ठप्प! मी विचारलं, "ताई, माल मिळत नाही का?" त्या म्हणाल्या, "सर, उडदाची डाळ घरात भरून ठेवलीय. पण चौघंजण दिवसभर घरात. सकाळचा चहा, नाश्ता, जेवण, परत चहा, काहीतरी चमचमीत, परत जेवण. माझा दिवस ओट्यापाशीच संपतो. कधीकधी मोरीत जाऊन रडते आणि तोंड धुऊन बाहेर येते."

मित्रांनो, हे ऐकून मी गप्प झालो. कारण माझ्याही घरात तेच चालू होतं. मी "टेन्शनमध्ये" होतो आणि चहाचा कप मात्र मला हातात मिळत होता.

त्या ताईंना मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, घरातल्यांची मीटिंग घ्या. रागावून नाही, धंद्याची मीटिंग घेतो तशी. कामांची यादी करा : भांडी, केर-फरशी, कपडे, भाजी निवडणं, पाणी भरणं, दूध आणणं. प्रत्येकाच्या नावापुढे दोन कामं. दहा वर्षांचं पोर भाजी निवडू शकतं, सासरे लसूण सोलू शकतात, नवरा भांडी घासू शकतो. दुसरी, सकाळी सहा ते आठ हे दोन तास "ताईंच्या कामाचे". त्या वेळात चहाची ऑर्डर बंद. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. पापड लाटायला नवरा बसत नाही, पण वाळत घालतो आणि राखण करतो. माल डब्यात भरून ठेवलाय, सोसायटीतल्या दोन ऑर्डर गेल्यासुद्धा. ताई फोनवर हसत होत्या. मला त्या ऑर्डरींपेक्षा त्या हसण्याचं समाधान जास्त वाटलं.

आता जागेचा प्रश्न. मुंबईतले एक वडापाववाले दादा आहेत. दहा बाय बाराची खोली, माणसं पाच. ते म्हणाले, "सर, तुम्ही म्हणता शांत बसा. कुठे बसू?" बरोबर आहे त्यांचं. मग आम्ही जागेऐवजी वेळ वाटली. पहाटे साडेपाच ते साडेसहा दारातली जागा त्यांची. दुपारी सगळे झोपतात तेव्हा तासभर वहिनींचा. संध्याकाळी टीव्ही पोरांचा. आणि एक नियम : कोणी गप्प बसलं असेल तर "काय झालं, काय झालं" करून मागे लागायचं नाही. छोट्या घरात भिंत नसते, तिथे वेळापत्रकालाच भिंत करावी लागते.

मुलांना खरं सांगा, पण त्यांच्या वयाचं. "धंदा सध्या बंद आहे, म्हणून बाहेरचा खाऊ नाही. परत सुरू होईल." एवढं पुरतं. पोरांना सगळं कळतं. नाही सांगितलं तर ती जास्त वाईट कल्पना करतात. आणि चूक झाली तर माफी मागा. मी मुलीची मागितली. जड गेलं, पण मागितली.

## नियम ७ : अंतर शरीराचं, माणसांचं नाही

"सोशल डिस्टन्सिंग" या शब्दाने एक गडबड केलीय. आरोग्य संघटनेनेसुद्धा २०२० मध्ये "फिजिकल", म्हणजे शारीरिक अंतर असा शब्द वापरायला सुरुवात केली. सहा फूट लांब उभे राहा, पण बोलणं थांबवू नका. रोज तीन फोन करा.

पहिला फोन एका गिऱ्हाइकाला. विकायला नाही, विचारपूस करायला. "काकू, बऱ्या आहात ना? काही लागलं तर सांगा." दोन मिनिटं. दुकान उघडेल तेव्हा त्या काकू कोणाकडे येतील?

दुसरा फोन आपल्याच लाइनमधल्या एका धंदेवाल्याला. आपलं दुखणं आपल्या लाइनच्या माणसालाच कळतं. बोललं की लक्षात येतं, आपण एकटेच बुडत नाही आहोत.

तिसरा फोन आपल्या कामगाराला, असेल तर. हा सगळ्यात अवघड. पगार द्यायला पैसे नसतात म्हणून आपण त्यांचा फोन उचलत नाही. असं करू नका. फॅब्रिकेशनचा धंदा करणाऱ्या एका मित्राचे तीन कामगार परप्रांतातले. त्याने स्पष्ट सांगितलं, "पूर्ण पगार जमणार नाही, पण किराणा मी भरतो आणि निम्मे पैसे देतो." दोघं थांबले. एक मे महिन्यात सुरू झालेल्या श्रमिक ट्रेनने गावी जायचं म्हणतोय, त्याला त्याने नावनोंदणीला मदत केली. तो मला म्हणाला, "सर, फोन केला त्या रात्री मी पहिल्यांदा झोपलो." न उचललेला फोन उशाला घेऊन झोप लागत नाही, हे खरंच आहे.

## नियम ८ : एकच गोष्ट शिका

सध्या जिकडे तिकडे ऑनलाइन कोर्सचा पूर आलाय. एक जण मला म्हणाला, "सर, मी सात वेबिनार केले." मी विचारलं, "त्यातलं एक काम केलंस का?" उत्तर नाही. सात गोष्टी अर्धवट शिकल्या की आत्मविश्वास वाढत नाही, कमी होतो.

महिन्याला एकच गोष्ट. उदाहरणार्थ, व्हॉट्सॲप बिझनेसवर आपल्या मालाचा कॅटलॉग बनवणं. किंवा घरून खाद्यपदार्थ करायचे असतील, तर एफएसएसएआयची नोंदणी समजून घेणं. २०२० मध्ये वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सरकारी फी वर्षाला फक्त १०० रुपये होती. किंवा लघुउद्योगाची सरकारी नोंदणी करणं. ते सरकारी साइटवर मोफत आहे, पैसे मागणाऱ्या साइटपासून लांब राहा.

आणि काही दिवस काहीच शिकावंसं वाटलं नाही, तर? चालतं! दुपारी पत्ते खेळा, टीव्ही बघा. हा काळ स्पर्धेचा नाही. शेजारच्याने लॉकडाऊनमध्ये काय काय केलं, त्याच्याशी आपली तुलना नको.

## मदत कधी मागायची?

हे नीट वाचा. दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, भूक नाही, सारखं रडू येतं, कशातच रस नाही, किंवा "माझ्याशिवाय घरच्यांचं बरं होईल" असा विचार मनात येतो. असं असेल तर तो वहीने आणि सूर्यनमस्काराने सुटणारा प्रश्न नाही. त्यासाठी माणूस लागतो. पहिलं, घरातल्या एका माणसाला आजच सांगा. दुसरं, सरकारची मोफत मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे : १४४१६. तिथे मानसिक आधाराचं काम करणारी माणसं बोलतात. स्वतःला इजा करण्याचा विचार येत असेल, तर एकटे राहू नका, लगेच कोणाला तरी जवळ बोलवा आणि ११२ ला फोन करा.

घरात मारहाण होत असेल, तर बहिणींनो, महिला हेल्पलाइन १८१ आहे. मुलांसाठी १०९८. लॉकडाऊन आहे म्हणून सहन करायचं, असा कुठलाही नियम सरकारने केलेला नाही.

मोटर जळाली तर आपण मेकॅनिकला बोलावतो. लाजतो का? मग इथे लाज कसली!

## आजचा गृहपाठ

वाचून सोडून देऊ नका. आज एवढंच करा:

1. वहीत रेघ मारून "हातात आहे / नाही" लिहा.
2. आपल्याकडे किती महिने आहेत तो आकडा काढा आणि घरातल्या जोडीदाराला दाखवा.
3. आज रात्री मोबाइल उशीपासून लांब ठेवा.
4. घरकामातलं एक काम उद्यापासून आपल्या नावावर घ्या.
5. जो फोन तुम्ही दहा दिवस टाळताय, तो उद्या सकाळी करा.

पाचही जमले नाहीत, तरी चालेल. दुसरं मात्र नक्की करा, कारण निम्मी भीती त्या एका आकड्याने कमी होते. आकडा दोघांना माहीत असला की ओझंही दोघांत वाटलं जातं.

माझे वर्कशॉप अजून बंद आहेत. हॉलचा ॲडव्हान्स अजून आलेला नाही. पण काल परत दूध सांडलं, या वेळी माझ्याच हातून. मुलगी माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे बघितलं, आणि दोघांनी मिळून फरशी पुसली.

शटर एक ना एक दिवस उघडणार आहे. त्या दिवशी कुलूप काढणारा हात धडधाकट हवा आणि गिऱ्हाइकाला "या, बसा" म्हणणारं तोंड हसरं हवं. तोपर्यंत घरी राहा, स्वतःला जपा, घरच्यांना जपा.

भेटू पुढच्या भागात. पुढचा विषय : दुकान परत उघडताना पहिल्या सात दिवसांत काय करायचं.